ब्रॉयलर कोंबडीची स्नायूवाढ आणि पेशीपटलावरील रेणू

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले ब्रॉयलरचे पिल्लू जेमतेम ४० ग्रॅम वजनाचे असते. पाच ते सहा आठवड्यांत तेच पिल्लू दोन किलोंच्या आसपास पोहोचते आणि बाजारात येते. वाशीम जिल्ह्यात शेतीला जोडधंदा म्हणून उभारलेल्या कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये ही वाढ शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातली असली, तरी शहरातील ग्राहकाला मात्र ती संशयास्पद वाटते. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या कोंबडीला कसले तरी इंजेक्शन दिले जात असावे, हा समज सुशिक्षित घरांतही रुजलेला आहे. प्रत्यक्षात या वाढीचे गमक स्नायूंच्या पेशींमध्ये, आणि त्यातही पेशींच्या बाहेरील पृष्ठभागावर असलेल्या रेणूंमध्ये आहे. हे रेणू वाढीचे संदेश झेलतात, पेशीच्या आत पोहोचवतात आणि पेशींना परस्परांशी जोडतात. त्यांचे कार्य समजून घेतल्यास कोंबडी इतकी का वाढते आणि या वेगाची किंमत काय, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होतो.

वेग आला कोठून?

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांचे १९५७ आणि १९७८ मधील वंश पुढील निवड न करता जतन करून ठेवलेले होते. त्यांच्या जोडीला २००५ मधील व्यापारी ब्रॉयलर घेऊन तिन्ही गट एकाच प्रकारच्या खाद्यावर आणि सारख्याच निगराणीत वाढवण्यात आले. ५६ दिवसांच्या वयात १९५७ च्या वंशाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वंशाचे १,८०८ ग्रॅम, तर २००५ च्या ब्रॉयलरचे ४,२०२ ग्रॅम भरले. खाद्य आणि निगा एकसारखी असल्याने हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या पैदाशीच्या निवडीचा होता, हे उघड आहे.

महाराष्ट्रात या व्यवसायाला आधुनिक रूप देण्यात डॉ. बी. व्ही. राव यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात आहे आणि ‘व्हेनकॉब’ ही ब्रॉयलरची जात याच उद्योगसमूहाने देशभर रुजवली. आज विदर्भातील अनेक शेतकरी करार पद्धतीने ब्रॉयलर वाढवतात. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरवते; शेड, पाणी, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची असते. मोबदला वजनावर आणि त्यासाठी खर्ची पडलेल्या खाद्यावर ठरत असल्याने स्नायूंची वाढ हा शेतकऱ्याच्या दृष्टीने थेट मिळकतीचा प्रश्न ठरतो.

स्नायू घडतो कसा?

कोंबडीच्या अंड्यातील गर्भाची वाढ २१ दिवसांत पूर्ण होते. या काळात स्नायूजनक पेशी प्रथम विभाजनाने आपली संख्या वाढवतात, नंतर एका ओळीत येऊन एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यापासून अनेक केंद्रके असलेला लांबलचक स्नायूतंतू तयार होतो. पिल्लू बाहेर येईपर्यंत तंतूंची संख्या जवळपास निश्चित झालेली असते. त्यापुढील वाढ ही मुख्यतः आहे त्याच तंतूंच्या जाड व लांब होण्याची असते.

येथे एक अडचण उद्भवते. तंतूमधील केंद्रके स्वतः विभाजित होऊ शकत नाहीत आणि एका केंद्रकाला ठरावीक आकारमानापलीकडे कारभार पाहता येत नाही. तंतू जाड व्हायचा तर नवी केंद्रके बाहेरून मिळावी लागतात. ती पुरवणाऱ्या पेशींचा शोध अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये लावला. बेडकाच्या स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करताना तंतूच्या कडेला चिकटून असलेल्या लहान पेशी त्यांना आढळल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा त्या दिसत असल्याने त्यांना उपग्रह पेशी हे नाव मिळाले. तंतूचे पटल आणि त्याभोवतीचे पातळ आवरण यांच्या मधल्या जागेत त्या वसतात. संदेश मिळताच त्या विभाजित होतात आणि तंतूत मिसळून आपली केंद्रके त्याला देतात. स्नायूला इजा झाल्यास दुरुस्तीचे कामही त्याच करतात. कोंबडीच्या पिल्लात या पेशी सर्वाधिक क्रियाशील असतात त्या पहिल्या आठवड्यात.

पृष्ठभागावरचे दुहेरी कुलूप

उपग्रह पेशींना विभाजनाचा आदेश देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांपैकी ‘फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक-२’ हा स्नायूंच्या संदर्भात विशेष अभ्यासला गेला आहे. तो पेशींचे विभाजन वाढवतो आणि त्यांचे तंतूत होणारे रूपांतर लांबवतो. वृद्धिघटक पेशीच्या आत जाऊन आदेश देत नाही. पेशीपटलावर त्याच्यासाठी ग्राही नावाची प्रथिने असतात. वृद्धिघटक ग्राहीला बाहेरून जोडला गेला की आतील बाजूस रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो.

मात्र केवळ ग्राही असून भागत नाही, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांतून स्पष्ट झाले. पहिल्या संशोधनात पृष्ठभागावर हेपरान सल्फेट तयार करू न शकणाऱ्या पेशी वापरल्या होत्या. हेपरान सल्फेट म्हणजे गंधकयुक्त गट जडवलेली शर्करेची लांब साखळी. रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपरिन या औषधाची ती जवळची नातलग. या पेशींवर ग्राही असूनही वृद्धिघटक त्यांना जोडला जाईना. बाहेरून हेपरिन घालताच तो जोडला गेला. दुसऱ्या संशोधनात स्नायूजनक पेशींवर रासायनिक प्रक्रिया करून साखळीवर गंधकयुक्त गट बसणे रोखण्यात आले. तेव्हा वृद्धिघटकाचा प्रभाव ओसरला आणि पेशी विभाजन सोडून तंतू होण्याच्या मार्गाला लागल्या. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तसेच हे आहे. ग्राही आणि हेपरान सल्फेट दोन्ही जागेवर असतील तरच संदेशाचे कुलूप उघडते.

हेपरान सल्फेटच्या साखळ्या पेशीवर मोकळ्या तरंगत नाहीत. त्या प्रथिनाच्या खुंटीला बांधलेल्या असतात. अशा जोडरेणूंना प्रोटिओग्लायकन म्हणतात. स्नायूपेशीवर त्यांची दोन कुळे प्रामुख्याने आढळतात. सिंडिकन कुळातील प्रथिन पेशीपटल भेदून आत शिरलेले असते. त्याची शेपटी पेशीच्या आतील यंत्रणेला स्पर्श करत असल्याने ते स्वतःही संदेश आत पोहोचवू शकते. ग्लिपिकन कुळातील प्रथिन पटलाच्या केवळ बाहेरील थरात एका मेदयुक्त नांगराने रुतलेले असते. हा नांगर तुटला की ग्लिपिकन पेशीपासून सुटून आजूबाजूच्या द्रवात जाऊ शकते.

टर्कीने दिलेला पुरावा

हे रेणू कुक्कुटवर्गातील पक्ष्यांच्या मांसवाढीत नेमके काय करतात, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या वूस्टर येथील केंद्रात डॉ. सँड्रा व्हेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांना एक दुर्मीळ साधन उपलब्ध होते. त्याच विद्यापीठातील कार्ल नेस्टर यांनी टर्कीचा एक वंश केवळ १६ आठवड्यांच्या वजनावर पिढ्यान्‌पिढ्या निवडला होता आणि ज्या मूळ समूहातून ही निवड झाली, तोही निवडीविना जपून ठेवला होता. एकाच कुळातील वेगाने वाढणारा आणि मूळ गतीने वाढणारा पक्षी शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली. दोन्हींच्या उपग्रह पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहता त्यांच्या विभाजनाच्या व तंतुनिर्मितीच्या क्षमतेत फरक आढळला आणि पृष्ठभागावरील प्रोटिओग्लायकन रेणूंच्या निर्मितीतही फरक दिसला.

पुढील प्रयोगांत एकेका रेणूचे प्रमाण कमी-जास्त करून परिणाम पाहण्यात आले. ग्लिपिकन-१ चे प्रमाण वाढवल्यास पेशी वृद्धिघटक-२ ला अधिक प्रतिसाद देऊ लागल्या. परंतु त्यावरील शर्करासाखळ्या काढून टाकताच हा प्रभाव उरला नाही. सिंडिकन-४ चे कार्य मात्र या वृद्धिघटकावर फारसे अवलंबून नसल्याचे दिसले. ते पेशी आजूबाजूच्या जाळीला कशी धरून राहते आणि कशी सरकते, या कामांत गुंतलेले असते. ग्लिपिकन-१ ची भूमिका दुहेरी आहे. पेशीवर असताना ते वृद्धिघटक ग्राहीपर्यंत आणते, तर पेशीपासून सुटल्यावर तोच वृद्धिघटक अडवून धरते. त्यामुळे विभाजन थांबते आणि पेशी तंतू होण्यास मोकळी होते.

यातून दिसते ते असे, की स्नायूवाढ हा विभाजन आणि रूपांतर यांचा तोल आहे. पेशींनी घाईने तंतूचे रूप घेतले तर पुरेशी केंद्रके मिळत नाहीत. त्या विभाजितच होत राहिल्या तर तंतू तयार होत नाही. वाढीला लगाम घालणारे रेणूही असतात. १९९७ मध्ये शोध लागलेले मायोस्टॅटिन हे प्रथिन पेशीपटलावरील स्वतंत्र ग्राहीमार्फत स्नायूवाढ रोखते. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांचे स्नायू त्यामुळेच अवाढव्य दिसतात.

पेशी एकमेकींत मिसळतात त्याही पृष्ठभागाच्या साहाय्याने. कोंबडीच्या गर्भातील एकेकटी पेशी वेगळी काढून तिच्यापासून काचपात्रात स्नायू वाढवता येतो, हे आयर्विन कोनिग्सबर्ग यांनी १९६३ मध्ये दाखवले. अशा पेशी एकत्र येण्यासाठी कॅल्शियमची गरज असते. कॅल्शियमच्या आधारे पेशींना परस्परांशी चिकटवणारी कॅडहेरिन प्रथिने जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून पुढे आली. इंटेग्रिन नावाची प्रथिने पेशीला बाहेरच्या जाळीशी बांधतात. दोन पेशींची पटले प्रत्यक्ष एक करणाऱ्या मायोमेकर या प्रथिनाचा शोध २०१३ मध्ये लागला आणि पुढे कोंबडीतही त्याचे कार्य अभ्यासले गेले.

संप्रेरकांच्या इंजेक्शनचा समज

वरील विवेचनावरून इंजेक्शनच्या समजाची छाननी करता येते. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिल्यास ते इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. ते टोचावेच लागेल, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येक पक्ष्याला वरचेवर टोचणे खर्चाच्या व मजुरीच्या दृष्टीने परवडणारे नाही. शिवाय ब्रॉयलरला बाहेरून असे संप्रेरक देऊन वाढीत लक्षणीय भर पडल्याचे प्रयोगांत दिसलेले नाही. निवडीतून घडलेल्या या पक्ष्याची वाढयंत्रणा मुळातच वेगाने चालते. पिल्लांना दिली जाणारी इंजेक्शने रोगप्रतिबंधक लसींची असू शकतात.

ग्राहकाने काळजी करावी असा खरा विषय प्रतिजैविकांचा आहे. रोग नसतानाही वाढीसाठी प्रतिजैविके दिल्यास औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात. याच कारणास्तव केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली.

पहिले सात दिवस

प्रयोगशाळेतील या ज्ञानाचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एकच: उपग्रह पेशी ज्या काळात सर्वाधिक जाग्या असतात, त्या पहिल्या आठवड्यातील हेळसांड नंतर भरून निघत नाही. इस्रायलमधील ओर्ना हालेवी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच उपाशी ठेवलेल्या पिल्लांमध्ये उपग्रह पेशींचे विभाजन घटले आणि पुढे स्नायूही कमी भरले. उबवणी केंद्रातून निघालेली पिल्ले खोक्यांतून कित्येक तासांचा प्रवास करून गावातील शेडपर्यंत पोहोचतात. वाटेतला उशीर आणि पोहोचल्यावर पाणी व खाद्य मिळण्यास होणारा विलंब यांची मोजदाद पेशींच्या पातळीवर अशी होते.

दुसरा घटक तापमानाचा. पक्ष्याच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ब्रूडरखाली सुरुवातीला ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. व्हेलमन यांच्या गटाने उपग्रह पेशी ३३, ३८ आणि ४३ अंश तापमानात वाढवून पाहिल्या. थंडीत त्यांचे विभाजन मंदावले. अधिक उष्णतेत ते वाढले, पण त्याबरोबर पेशींमध्ये चरबी साठू लागली. उपग्रह पेशी परिस्थितीनुसार मेदपेशीसारखी वागू शकते, हे यातून दिसले. वाशीमसह संपूर्ण विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्यातील रात्री बऱ्याच थंड असतात. शेडचे छत, पडदे, फवारे आणि ब्रूडर यांवरील खर्च म्हणूनच पहिल्या आठवड्यात अधिक मोलाचा ठरतो.

तिसरा घटक आहाराचा. ब्रॉयलरच्या खाद्यात ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनांसाठी सोयापेंड वापरली जाते. सोयाबीन हे वाशीम जिल्ह्यातील खरिपाचे मुख्य पीक आहे. सोयाबीनच्या प्रथिनात लायसिन चांगले असले, तरी मेथिओनिन कमी पडते, म्हणून ते खाद्यात वेगळे मिसळावे लागते. मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले केवळ स्नायूतील प्रथिनांची वीट नव्हेत. हेपरान सल्फेटवर बसणाऱ्या गंधकयुक्त गटांसाठी लागणारे गंधकही शरीराला बऱ्याच अंशी त्यांच्यातून मिळते. शर्करासाखळ्या विणणाऱ्या विकरांना मँगेनीज लागते. त्याची कमतरता असलेल्या पिल्लांत पायाच्या सांध्यावरील स्नायुबंध सरकून पाय वाकडे होतात, हे पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खाद्यात काटकसर करताना या सूक्ष्म घटकांना कात्री लावणे महागात पडते.

वेगाची किंमत

ब्रॉयलरच्या छातीचा मोठा स्नायू जवळपास संपूर्णपणे पांढऱ्या, जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा असतो. या तंतूंभोवती रक्तकेशिका मुळातच कमी. निवडीमुळे तंतू इतके जाड झाले, की केशिकांना पुरेशी जागा उरत नाही. प्राणवायू कमी पडतो, तंतू मरतात आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी उपग्रह पेशींना वारंवार धावावे लागते. ही दुरुस्ती अपुरी पडू लागली की स्नायूची जागा तंतुमय ऊती आणि चरबी घेतात. २०१० नंतरच्या दशकात जगभरच्या उत्पादकांना छातीचे मांस लाकडासारखे कडक झाल्याचे किंवा त्यावर पांढरे पट्टे उमटल्याचे प्रमाण वाढलेले आढळले. असे मांस खाण्यास घातक मानले जात नाही. मात्र ते चिवट लागते आणि त्यातील चरबीचे प्रमाण अधिक असते. वजनासाठी केलेल्या निवडीने पेशींच्या दुरुस्तीक्षमतेची मर्यादा गाठल्याचे हे लक्षण आहे. मंद गतीने वाढणाऱ्या गावरान कोंबडीचे किंवा परसबागेसाठी विकसित केलेल्या वनराजा, गिरिराजा यांसारख्या जातींचे मांस महाग पडते, कारण तेथे हा वेग नसतो.

हेच दार रोगालाही

पेशीचा पृष्ठभाग वाढीचा संदेश घेतो, तसाच विषाणूलाही वाट देतो. बर्ड फ्लूचा विषाणू पेशीवरील शर्करासाखळीच्या टोकाला असलेल्या सायलिक आम्लाला पकडून आत शिरतो. पक्ष्यांमध्ये हे आम्ल ज्या प्रकारे जोडलेले असते, ती जोडणी माणसाच्या नाका-घशातील पेशींवर क्वचित आढळते. हा विषाणू माणसाला सहजी होत नाही, यामागील एक प्रमुख कारण हेच. महाराष्ट्राला या रोगाची पहिली ओळख फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. तो देशातीलही पहिला उद्रेक होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात खेर्डा येथे सहा हजारांहून अधिक ब्रॉयलर कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. एकाच वंशाचे, एकाच वयाचे हजारो पक्षी एका छताखाली असतील, तर विषाणूला प्रत्येक पेशीवर तेच दार सापडते. शेडच्या प्रवेशद्वाराशी निर्जंतुकीकरण, बाहेरच्या माणसांना मज्जाव आणि वन्य पक्ष्यांपासून बचाव हे उपाय त्यामुळे अटळ ठरतात. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही.

वाशीमच्या शेतकऱ्याला सल्ल्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रिसोड तालुक्यात करडा येथे जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि शेजारच्या अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. ब्रॉयलरचा वंश बदलणे शेतकऱ्याच्या हाती नाही. त्या पेशींचे गुणधर्म पैदास केंद्रात ठरून येतात. पिल्लू शेडमध्ये आल्यावर त्याला लगेच पाणी व खाद्य मिळणे, योग्य ऊब राहणे आणि खाद्यातील सूक्ष्म घटक पुरेसे असणे या तीन गोष्टी मात्र त्याच्या देखरेखीत येतात. विकत घेणाऱ्यानेही मांसाचा तुकडा पाहताना त्यावरील पांढरे पट्टे आणि कडकपणा यांकडे लक्ष द्यावे. पक्ष्याची वाढ त्याच्या स्नायूंना कितपत पेलली, याची खूण तेथे दिसते.